राऊटर नाही, इंटरनेट नाही: अभ्यासिकेच्या कॉम्प्युटरला मोबाइल जोडताना ठेवलेल्या नोंदी

२७ ऑक्टोबर २०२५

दिवाळीची सुट्टी संपली, अभ्यासिका आज उघडली. आमचं गाव कोरेगाव तालुक्यातलं, जिल्हा सातारा. सोसायटीच्या जुन्या गोदामाचा वरचा मजला म्हणजे अभ्यासिका. दोन खोल्या, मध्ये काळ्या दगडाची दीड फुटी भिंत. पोरं-पोरी बहुतेक पोलीस भरतीची, थोडी तलाठी आणि राज्यसेवेची.

कॉम्प्युटर जुना आहे, चौथ्या पिढीचा आय थ्री, ४ जीबी रॅम, विंडोज १०. त्याला एक बाहेरची हार्ड डिस्क लावलीय. तिच्यात बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ, जुन्या प्रश्नपत्रिका, आणि गावातल्याच एका निवृत्त गुरुजींनी स्वतः रेकॉर्ड करून दिलेले गणित-बुद्धिमत्तेचे तास. हे सगळं घ्यायला पोरं पेनड्राइव्ह घेऊन रांगेत बसतात. पेनड्राइव्हबरोबर शॉर्टकट व्हायरस येतो, तो डिस्कवर पसरतो आणि मग फोल्डरं दिसेनाशी होतात. दिवाळीआधी अर्धा दिवस त्यातच गेला.

इंटरनेटची लाइन वरच्या मजल्यापर्यंत आलेली नाही. मोबाइलची रेंज खिडकीच्या कठड्यावर ठेवला तर एक-दोन दांड्या, आत काहीच नाही. तेव्हा काम एवढंच: इंटरनेट मध्ये न आणता कॉम्प्युटरनेच वायफाय सोडायचं, पोरांनी मोबाइलवरून त्यातल्या फायली बघायच्या.

ज्याच्या घरी जुना राऊटर पडून असेल त्याने पुढचं वाचायच्या फंदात पडू नये. इंटरनेट नसलं तरी राऊटर वायफाय सोडतो, कॉम्प्युटरपासून त्याला केबल लावली की झालं. आमच्याकडे राऊटर नव्हता आणि खरेदी म्हटलं की समितीची बैठक. ड्रॉवरमध्ये एक नखाएवढी यूएसबी डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला वायफाय देणारा तुकडा, मात्र होती.

२८ ऑक्टोबर

डोंगल लावली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव येतं नुसतं '८०२.११ एन यूएसबी वायरलेस लॅन कार्ड'. यावरून काही कळत नाही. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन हार्डवेअर आयडी बघितला: १४८एफ आणि ७६०१. म्हणजे आतली चिप मीडियाटेकची एमटी ७६०१. बाजारात शेकडो नावांनी ही एकच चिप विकली जाते. पाकिटावर काय छापलंय ते सोडा, हा आयडी बघा.

विंडोजच्या सेटिंगमध्ये मोबाइल हॉटस्पॉटचं बटण आहे. ते दाबलं तर उत्तर आलं की या पीसीला इथरनेट, वायफाय किंवा मोबाइल डेटाची जोडणी नाही, म्हणून हॉटस्पॉट करता येत नाही. त्याच्या लेखी हॉटस्पॉट म्हणजे दुसरीकडून आलेलं इंटरनेट पुढे वाटणं. वाटायला काही नसेल तर तो दुकानच उघडत नाही.

जुनी पद्धत होती होस्टेड नेटवर्कची, काळ्या खिडकीत कमांड देऊन चालू करायची. ड्रायव्हरला, म्हणजे डोंगल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, विचारलं तर 'होस्टेड नेटवर्क सपोर्टेड'समोर 'नो'. त्याहून जुनी ॲड-हॉक (उपकरणं एकमेकांना थेट जोडायची) पद्धत विचारात घेतलीच नाही, कारण अँड्रॉइड फोन ॲड-हॉक जोडणी धरत नाहीत.

३० ऑक्टोबर

माझा फोन यूएसबी केबलने लावून टेदरिंग केलं, म्हणजे फोनचं नेट कॉम्प्युटरला दिलं, तर हॉटस्पॉट झटक्यात सुरू. फोन काढला की थोड्या वेळाने हॉटस्पॉटही गेला. माझा फोन तर रोज तिथे बांधून ठेवता येत नाही.

मग खोटी जोडणी दाखवायचा उपाय केला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'ॲड लेगसी हार्डवेअर'मधून मायक्रोसॉफ्टचा केएम-टेस्ट लूपबॅक अडॅप्टर बसवला. हे खरं कार्ड नसतं, विंडोजला वाटतं की एक नेटवर्क कार्ड आहे. तरी सेटिंगमधलं बटण ऐकेना. पॉवरशेल या कमांडच्या खिडकीतून, हीच जोडणी वाटायची असं नाव घेऊन सांगितलं तेव्हा हॉटस्पॉट उभा राहिला. कॉम्प्युटरचा पत्ता १९२.१६८.१३७.१. पोरांच्या फोनवर वायफायचं नाव दिसलं, पासवर्ड घेतला, जोडलं गेलं.

पाच मिनिटं कोणी जोडलेलं नसेल तर तो आपोआप बंद होतो. हॉटस्पॉटच्याच पानावर पॉवर सेव्हिंगचं बटण आहे, ते बंद करावं लागलं.

२ नोव्हेंबर

फायली दाखवायच्या कशा? आधी विंडोजचं फोल्डर शेअरिंग केलं. प्रत्येक फोनमधला फाइल मॅनेजर वेगळा, काहींत नेटवर्कचा पर्यायच नाही, काहींत युझरनेम मागतो. ते बाजूला ठेवलं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेबरोबर एका ओळीत चालणारा छोटा वेब सर्व्हर येतो, तो त्या फोल्डरवर सुरू केला. ब्राउझर सगळ्यांकडे असतो.

पान उघडेना. फोन जोडलेला, पत्ता बरोबर, आणि नुसतं पांढरं. कारण फायरवॉल, म्हणजे बाहेरच्या जोडण्या अडवणारा विंडोजचा पहारेकरी. हॉटस्पॉटचं नेटवर्क विंडोजने पब्लिक धरलं होतं आणि पायथनला परवानगी फक्त प्रायव्हेटची होती. पब्लिकचीही खूण केल्यावर यादी आली.

त्यानंतरचा घोळ फोनचा. आणि सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो याच गोष्टीने, म्हणून सविस्तर लिहितो. अँड्रॉइड फोन वायफायला जोडला की तो गूगलच्या एका पत्त्यावर जाऊन इंटरनेट आहे का ते तपासतो. उत्तर आलं नाही की वायफायच्या नावाखाली 'इंटरनेट नाही' लिहितो आणि गुपचूप मोबाइल डेटावर परततो. वर वायफायची खूण काही फोनांवर तशीच राहते. पोराला वाटतं जोडलेलं आहे, पण ब्राउझर तो पत्ता मोबाइल कंपनीच्या नेटवर्कवर शोधत बसतो. खिडकीजवळच्या बाकावरच्यांना हा त्रास, कारण तिथे रेंज आहे. आतल्या खोलीत रेंज नाही, डेटा नाही, तिथल्यांचं मात्र एका फटक्यात चाललं.

"दादा, माझं जोडंना."

"आरं, डाटा बंद कर आधी."

"डाटा बंद केल्यावर नेट कसं चालंल?"

"नेट न्हायच आपल्याकडं. कॉम्प्युटरच आहे."

हे समजावणं दिवसभर. जोडल्यावर फोन विचारतो, 'या नेटवर्कला इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं का?' तिथे 'हो' म्हणायचं आणि 'पुन्हा विचारू नका'वर टिक करायची. घाईत सगळे 'नाही' दाबतात. मग ते नेटवर्क विसरायला लावून पहिल्यापासून जोडायचं. शेवटी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दारावर चिकटवलं: आधी डेटा बंद, मग वायफाय, विचारलं की 'हो'. खाली दोन क्यूआर, एक वायफायचा, एक पानाच्या पत्त्याचा. त्यानंतर आवाज कमी झाला.

५ नोव्हेंबर

आज त्रिपुरी पौर्णिमा, निम्मी पोरं देवळात दिवे लावायला गेलेली, तरी नववा मुलगा जोडला जाईना. विंडोजच्या हॉटस्पॉटला ८ उपकरणांची मर्यादा आहे, ते त्याच पानावर लिहिलेलंही असतं. आमच्याकडे संध्याकाळी पंधरा-वीस जण बसतात.

दुसरी तक्रार गुरुजींच्या तासांची. तास एक तासाचा, मध्येच पुढे सरकवायला गेलं की व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून. पायथनचा तो छोटा सर्व्हर फाइलचा मधला तुकडा मागितला तर देत नाही, सगळी फाइल पहिल्यापासून पाठवतो. पीडीएफसाठी ठीक, व्हिडिओसाठी निरुपयोगी.

विंडोज १० चा सपोर्टही १४ ऑक्टोबरला संपलाय आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते. तेव्हा या यंत्रावर विंडोजशी भांडत बसण्यात अर्थ नाही. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायचं ठरवलं, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती, ४ जीबी रॅमला ती झेपते.

८ नोव्हेंबर

मिंट टाकलं, अर्ध्या-पाऊण तासात चालू. डोंगल ओळखली. हॉटस्पॉट मात्र होईना. 'आय डब्ल्यू लिस्ट' ही कमांड दिली की कार्ड कोणकोणत्या भूमिका करू शकतं त्याची यादी येते. आमच्या यादीत दोनच: मॅनेज्ड आणि मॉनिटर. तिथे 'एपी' (ॲक्सेस पॉइंट, म्हणजे स्वतः वायफाय सोडणारा) असायला हवं. एमटी ७६०१ चा लिनक्समधला ड्रायव्हर फक्त जोडून घेतो, स्वतः वायफाय सोडत नाही. विंडोजवर तेच यंत्र सोडत होतं. थोडक्यात, चिप आणि ड्रायव्हर दोन्ही बघायचे.

सुभेदार काकांनी, ज्यांनी हा कॉम्प्युटर दिला, विचारलं किती लागतील. हजारात होईल म्हणालो.

९ नोव्हेंबर

साताऱ्याला गेलो. पोवई नाक्याच्या परिसरात दुकानं धुंडाळली. "चिप कुठली?" विचारलं की दुकानदार पाकीट उलटं करून बघतो आणि म्हणतो, "लिनक्सला चालतंय." सगळ्यांचं सगळं चालतंय. एकाने मात्र स्वतःच्या लॅपटॉपला लावून आयडी दाखवू दिला. ०सीएफ३ आणि ९२७१. अथेरॉसची एआर ९२७१, एका अँटेनाची, लिनक्सवर जुनी आणि भरवशाची. ७५० रुपये.

१० नोव्हेंबर

लावली, यादीत 'एपी' आहे. मिंटच्या नेटवर्क सेटिंगमध्ये नवीन वायफाय जोडणी, मोड हॉटस्पॉट, चॅनल ६, सुरक्षा डब्ल्यूपीए २, आयपीव्ही ४ मध्ये 'शेअर्ड टू अदर कॉम्प्युटर्स'. इंटरनेटचा पुरावा तो मागत नाही. आता कॉम्प्युटरचा पत्ता १०.४२.०.१ आणि फोनांना पत्ते तोच वाटतो. 'आपोआप जोडा'वर टिक केली म्हणजे मशीन चालू झालं की वायफायही चालू. दारावरचा क्यूआर बदलावा लागला.

पायथनच्या जागी एन्जिनेक्स हा वेब सर्व्हर टाकला. हा व्हिडिओचा मधला तुकडा देतो, सरकवणं सुरळीत. पहिल्यांदा '४०३ फॉरबिडन' आलं, कारण बाहेरची डिस्क मिंट आपल्या युझरच्या नावाने लावतो आणि एन्जिनेक्स दुसऱ्याच युझरच्या नावाने चालतो, त्याला आत डोकावता येत नाही. डिस्क ठरावीक जागी लागेल अशी नोंद एफएसटॅब फाइलमध्ये केली. फक्त वाचण्यापुरती लावली, व्हायरसचा प्रश्नच मिटला.

एक मजेशीर अडचण. एन्जिनेक्सची यादी पन्नास अक्षरांनंतर नाव कापते, आणि काना-मात्रा-वेलांट्या प्रत्येकी वेगळं अक्षर म्हणून मोजते. आमच्या फायलींची नावं 'महाराष्ट्र पोलीस शिपाई भरती सराव प्रश्नपत्रिका संच क्रमांक १७' अशी. कापल्यावर सगळ्या सारख्याच दिसतात, आकडाच गायब. नावं उलटी केली: '१७ पोलीस सराव'. त्याआधी यादीत मराठीच्या जागी चित्रविचित्र खुणा येत होत्या, त्याला सेटिंगमध्ये यूटीएफ-८ लिहावं लागलं.

संध्याकाळी सात जण मजेत. आठवा आला, "ऑथेंटिकेशन प्रॉब्लेम." पासवर्ड बरोबर. एकाने वायफाय बंद केलं की आठवा आत. लॉगमध्ये लिहिलेलं की नवीन स्टेशन (म्हणजे फोन) कर्नल (लिनक्सचा गाभा) ड्रायव्हरमध्ये घालता आलं नाही. शोधल्यावर कळलं की या चिपच्या फर्मवेअरची (तिच्या आतल्या सॉफ्टवेअरची) मर्यादाच एपी म्हणून ७ जणांची आहे. विंडोजला आठ चालत होते! ७५० रुपये देऊन एक कमी केला.

१३ नोव्हेंबर

काकांना सांगायला गेलो. ते म्हणाले, "लेका, बंदूक घेताना मॅगझीनमध्ये गोळ्या किती मावतात ते आधी विचारायचं असतं." आणि पैसे दिले.

या वेळी चिप आधी ठरवली: मीडियाटेकची एमटी ७६१२, यूएसबी ३, दोन अँटेना, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही. ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही, एपी चालतं. ऑनलाइन मागवली, २१०० रुपये. पीसीआय स्लॉटमध्ये बसणारं इंटेलचं कार्डही सुचवलं होतं एकाने. ते जोडून घ्यायला उत्तम असतं, पण लिनक्सवर ५ गिगाहर्ट्झला एपी करू देत नाही, म्हणून नको.

१७ नोव्हेंबर

आली. आयडी ०ई८डी आणि ७६१२, म्हणजे सांगितलं तेच दिलं. लावली आणि संध्याकाळच्या सगळ्या पोरांना जोडायला सांगितलं. सगळे आत.

५ गिगाहर्ट्झवर वेग छान, पण निम्म्या फोनांना ते नेटवर्क दिसतच नाही, आणि दगडी भिंतीपलीकडे ते पोचत नाही. परत २.४ वर आलो. रीजन 'आय एन' (भारत) ठेवला. चॅनल ६ च ठेवला, शेजारी दुसरं वायफाय आहेच कुठे.

१८ नोव्हेंबर

नवीन रोग. पीडीएफ पटापट उघडतात, पण कोणी गुरुजींचा तास लावला की पाच मिनिटांत आतल्या खोलीतले सगळे तुटतात. तास बंद केला की परत येतात. आधी वाटलं गर्दीमुळे. मग एकाच फोनवर करून बघितलं, तरी तेच. डोंगल गरम होते का बघितलं, पंखा लावला. चॅनल १ केला, ११ केला. फरक नाही. व्हिडिओची एक प्रत कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर ठेवून तीच लावली तर काहीच तुटेना. म्हणजे रोग व्हिडिओचा नाही, बाहेरच्या डिस्कचा.

डोंगल आणि बाहेरची डिस्क, दोन्ही मागच्या बाजूच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टांत एकमेकींना चिकटून. यूएसबी ३ वर डेटा वाहू लागला की पोर्ट आणि केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर एक टिपणच काढलंय. डिस्क फिरली की डोंगलला लांबच्या फोनांचं बारीक बोलणं ऐकू येत नाही. जवळचे फोन टिकतात, भिंतीपलीकडचे तुटतात.

डोंगल तिथून काढली, पुढच्या काळ्या यूएसबी २ पोर्टात एक्स्टेन्शन वायर लावून कपाटाच्या वर नेली. वायर दीड मीटरची, १२० रुपये. आधी घरातली तीन मीटरची पातळ वायर लावली होती, तिच्यावर डोंगल मधूनच गायब व्हायची, वीज पुरत नसावी. यूएसबी २ चा वेग आमच्या २.४ गिगाहर्ट्झच्या कामाला भरपूर आहे. कॅबिनेटच्या पत्र्यामागून निघून उंच गेल्याने आतल्या खोलीतही दोन दांड्यांच्या जागी तीन आल्या.

२१ नोव्हेंबर

एकाने तास बघायच्या ऐवजी डाउनलोडला लावले, तेही ओळीने सगळे. बाकीच्यांची पानं उघडेनात. हवा एकच, ती वाटून घ्यायची असते. एन्जिनेक्समध्ये व्हिडिओच्या फोल्डरला प्रत्येक जोडणीमागे सेकंदाला ५०० किलोबाइटची मर्यादा घातली. बघायला तेवढं पुरतं, घरी न्यायचं असेल तर सबुरीने न्या.

२४ नोव्हेंबर

लाइट गेली-आली की कॉम्प्युटर बंदच राहतो, कोणीतरी बटण दाबेपर्यंत वायफाय नाही. सकाळी सहाला येणाऱ्या मुलींची हीच तक्रार, किल्ली त्यांच्याकडे असते पण कॉम्प्युटरच्या कपाटाची नसते. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याचं सेटिंग असतं, ते केलं. दुसऱ्या दिवशी लाइट गेली, आली, कॉम्प्युटर गप्प. सेटिंग परत मूळ पदावर, तारीखही काही वर्षं मागे. मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल मेलेला, सीआर २०३२. घड्याळाच्या दुकानात ४० रुपयांना मिळाला. सेल बदलून सेटिंग पुन्हा केलं, आता लाइट आली की दीड-दोन मिनिटांत वायफाय येतं.

२ डिसेंबर

खर्च: वाया गेलेली डोंगल ७५०, चालणारी २१००, वायर १२०, सेल ४०. एकूण ३०१० रुपये, शिवाय साताऱ्याचं एसटी भाडं. एवढ्यात राऊटर आला असता हे काकांनी दोनदा ऐकवलंय, आणि हिशेबाने ते बरोबर आहेत. आमच्याकडे आता निदान एका डब्यात सगळं आहे, दुसऱ्या प्लगची गरज नाही.

राहिलेलं: दोन मुलींकडे जुने फोन आहेत, ते रात्री स्क्रीन बंद झाली की वायफाय सोडतात आणि सकाळी परत 'इंटरनेट नाही' म्हणून अडतात. त्यांच्या फोनात वायफाय झोपेतही चालू ठेवण्याचं सेटिंग 'ॲडव्हान्स्ड'मध्ये सापडलं, उद्या करून बघतो. एआर ९२७१ वाली डोंगल जिल्हा परिषद शाळेच्या मास्तरांनी मागितलीय, त्यांच्याकडे टॅब पाचच आहेत.